माघ चतुर्थीला निघायचं: मुंबई ते मालवण, शिडाच्या बोटीने दोघं

मुंबईहून मालवणला शिडाच्या बोटीने जायचं तर आधी पंचांग उघडावं, नकाशा नंतर. यात श्रद्धेचा भाग नाही. कोकण किनाऱ्यावर तिथी कळली की भरतीची वेळ कळते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ; तीच वेळ पहाटे-सकाळी एकदा आणि दुपारी-रात्री एकदा. छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर मुंबईत हा हिशेब थोड्याफार फरकाने बसतो. दक्षिणेला जावं तशी भरती लवकर येते, मालवणला मुंबईपेक्षा साधारण तासभर आधी. पाण्याची चढउतारही कमी होत जाते: मुंबईत उधाणाला साडेचार मीटरच्या आसपास, मालवणला दोन मीटरच्या आसपास.

आम्ही नवराबायको ही फेरी माघ शुक्ल चतुर्थीला सुरू करतो. त्या दिवशी गणेशजयंती असते, म्हणून घरचे तो मुहूर्त समजतात. समजू द्यावं. खरं कारण वेगळं आहे. चतुर्थीला पहाटे तीनला पाणी पूर्ण भरतं आणि नऊपर्यंत सुकती, म्हणजे पाण्याचं ओसरणं, चालते. साडेपाचला नांगर उचलला की बंदरातून बाहेर पडायला सुकतीचा प्रवाह मिळतो. पुढचे चार-पाच दिवस दुपारची भरती पावणेचार, साडेचार, सव्वापाच अशी सरकते. नेमक्या त्याच वेळी आपण पुढच्या खाडीच्या तोंडाशी असतो, म्हणजे आत शिरताना पाणी चढतं मिळतं. शिवाय हे दिवस भांगाचे, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाह मवाळ. पौर्णिमेला मालवण गाठायचं आणि कृष्ण तृतीयेच्या सुमारास परत फिरायचं. परतीचा प्रवास पहाटेच्या अंधारात करावा लागतो, आणि कृष्णपक्षात पहाटे चंद्र आकाशात असतो. जाताना संध्याकाळचा चंद्र, येताना पहाटेचा. महाशिवरात्रीच्या आत बोट मुंबईत बांधलेली पाहिजे. त्यानंतर चंद्र नाही आणि वायव्येचा वाराही दिवसेंदिवस कडक होत जातो.

बोट २६ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. मागे मेनसेल हे मोठं शीड, पुढे जिब हे गुंडाळता येणारं लहान शीड. पाण्याखाली १.२ मीटर जाते. आत १० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, ताशी पाच मैलांच्या वेगाला दीड लिटरच्या आसपास तेल खातं. आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेलं पेट्रोल इंजिन) असलेल्या मित्रांचा खर्च याच्या दुपटीच्या जवळ जातो, आणि पेट्रोल कॅनमध्ये द्यायला बरेच पंप तयार नसतात. डिझेलचंही सोपं नाही. बंदरावरचे पंप बहुधा मच्छीमार संस्थांचे, त्यांचं तेल सभासदांसाठी. त्यामुळे टाकीत ४० लिटर आणि २०-२० लिटरचे दोन कॅन मुंबईतूनच भरून न्यायचे. वाटेत घ्यावंच लागलं तर गावातल्या पंपावरून रिक्षाने आणायचं, कॅन रात्रभर स्थिर ठेवायचा आणि सकाळी जाळी लावलेल्या नरसाळ्यातून वरचं तेल टाकीत घालायचं. तळाचा अर्धा लिटर ओतायचा नाही. त्यात पाणी असतं आणि ते पाणी नेमकं खाडीच्या तोंडावर इंजिन बंद पाडतं, कारण तिथल्या लाटांनी टाकीतला गाळ ढवळला जातो.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी रोज पाच लिटर पाणी. टाकी १०० लिटरची, वर २० लिटरचे दोन कॅन वेगळे; टाकी गळली किंवा खारं पाणी शिरलं तर हे दोन वाचवतात. वीज १०० वॅटच्या सोलर पॅनेलवर भागते. व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, रात्रीचा नांगर-दिवा आणि दोन फोन एवढाच भार. फ्रिज नाही. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर वर, मोकळ्या हवेत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळात साठून राहतो आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. वापर संपला की व्हॉल्व्ह सिलिंडरपाशी बंद करायचा, शेगडीपाशी नव्हे.

या किनाऱ्यावर माघातल्या दिवसाचा आराखडा ठरलेला असतो. रात्री जमीन गार पडते आणि मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, सुटतो, पूर्व-ईशान्येकडून. पहाटे तो आठ-दहा नॉटचा (तासाला तितके सागरी मैल) असतो आणि पाणी ताटासारखं सपाट. दक्षिणेला जाताना वारा डाव्या अंगाने येतो, शिडं उजवीकडे, समुद्राच्या बाजूला. हा दिवसातला सगळ्यात सुखाचा प्रवास. किनाऱ्यापासून फार लांब न जाता दोन-तीन मैलांवर राहिलं की मतलई भरपूर मिळतो. दहाच्या सुमारास तो ढेपाळतो. किनाऱ्यावर कुठे ना कुठे पालापाचोळा पेटवलेला असतोच, त्याच्या धुराकडे बघावं. धूर समुद्राकडे झुकला आहे तोवर मतलई आहे. सरळ वर गेला की तो संपला. मग तास-दीड तास वारा पडलेला. शिडं फडफडत ठेवून काही उपयोग नाही, ती झिजतात. तेवढा वेळ इंजिन, आणि जेवण.

बाराच्या पुढे पश्चिमेला क्षितिजावर पाण्याची एक गडद रेघ दिसते. अर्ध्या तासात खारा वारा अंगावर येतो, आधी पश्चिमेकडून, मग वळत वळत वायव्येकडून. तीन ते पाच या वेळात तो पंधरा नॉटपर्यंत चढतो, कधी अठरा. मेनसेलचा पहिला रीफ (शिडाचा खालचा भाग दुमडून ते लहान करणं) आम्ही साडेअकराला, वारा नसतानाच बांधून घेतो. वाऱ्यात रीफ बांधायचा तर एकाला सुकाणू धरून बोट वाऱ्याच्या तोंडी आणावी लागते आणि दुसऱ्याला उडत्या बूमशेजारी, म्हणजे मेनसेलच्या खालच्या आडव्या काठीशेजारी, उभं राहावं लागतं. दोघांच्याच बोटीवर हे टाळता येत असेल तर टाळावं. वारा कमी निघाला तर रीफ सोडायला दोन मिनिटं लागतात.

दुपारी वारा उजव्या मागच्या अंगाने असतो, बूम डावीकडे, जमिनीच्या बाजूला. तिथे बूम अडवणारा दोर पुढे नेऊन बांधायचा. वायव्येच्या लाटा मागून येतात, बोट ढुंगण हलवते आणि सुकाणूवरचं लक्ष क्षणभर हललं की बूम कडाडून दुसऱ्या बाजूला जाते. डोक्याला लागली तर जीव घेते.

आता खाडीचं तोंड. नवख्या माणसाची चूक इथेच होते, आणि ती नकाशावर दिसत नाही. दक्षिणेला चाललेली बोट खाडीत शिरायला डावीकडे, पूर्वेला वळते. वारा वायव्येचा. म्हणजे वळताना वारा बोटीच्या पाठीमागून एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो आणि बूम पलटी खाते, तीही वाळूच्या दांड्यावर, लाटा उभ्या राहतात अशा जागी, मासेमारीच्या बोटी आत-बाहेर करत असताना. शिवाय बूम अडवणारा दोर अजून बांधलेलाच. उपाय साधा: तोंडापासून दीड मैल आधी इंजिन चालू करायचं, बोट वाऱ्याच्या तोंडी आणायची, मेनसेल उतरवून बांधून टाकायचं आणि नुसत्या जिबवर, इंजिनाच्या जोडीने आत जायचं.

दुसरी गोष्ट सुकतीची. खाडीतून बाहेर येणारं पाणी आणि समुद्रावरून आत येणारा खारा वारा समोरासमोर भिडले की तोंडावर आखूड, उभ्या लाटा तयार होतात. एरवी जिथे अर्धा मीटर लाट असते तिथे दीड मीटर. चढत्या पाण्याच्या शेवटच्या दोन तासांत शिरावं. लाट लोळते, फुटत नाही, आणि चुकून वाळूत टेकलोच तर पाणी अजून चढतं असल्याने बोट आपोआप सुटते. सुकतीला टेकलात तर सहा तास कलत्या बोटीत बसायचं. बाणकोट, केळशी, आंजर्ले ही तोंडं आमच्या बोटीसाठी आम्ही वर्ज्य धरली आहेत. स्थानिक होड्या तिथून रोज जातात, पण त्यांचा तळ सपाट आणि वाळू गेल्या पावसात कुठे सरकली ते त्यांना ठाऊक.

आमचे टप्पे असे पडतात. पहिला दिवस गेटवेजवळून खांदेरीचा १८६७ सालचा दीपस्तंभ डावीकडे ठेवून, अलिबागच्या खडपांपासून, म्हणजे पाण्यातल्या खडकांपासून, तीनेक मैल बाहेर राहून कोर्लई-रेवदंडा, साधारण २४ सागरी मैल. मुंबई बंदरातून बाहेर पडताना इंजिनाच्या थंड पाण्याची नळी प्लास्टिकच्या पिशवीने तुंबणं हा जवळजवळ ठरलेला प्रसंग. सायलेन्सरमधून पाणी पडतंय ना हे दर दहा मिनिटांनी वाकून बघायचं, आणि गाळणीचं झाकण उघडायचा पाना हाताशी ठेवायचा. दुसरा दिवस राजपुरी, सतरा मैल. जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या होड्या अजून शिडावर चालतात, आणि त्यांचे तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) ज्या सहजतेने बोट धक्क्याला लावतात ते नुसतं बसून बघण्यासारखं आहे. त्यांच्या वाटेत नांगर टाकू नये, आगरदांडा-दिघी फेरीबोटीच्याही नाही. तिसरा दिवस लांबचा, ३० मैल, हर्णै.

हर्णैला दोन-तीन दिवस मुक्काम, मग जयगड ३२, रत्नागिरी १८, विजयदुर्ग २९, देवगड ११ आणि मालवण २०. एकूण सुमारे १८० मैल. जयगड, रत्नागिरी आणि विजयदुर्ग या जागांना भरतीची वाट बघावी लागत नाही, पाणी खोल आहे. म्हणून शुक्लपक्षाच्या उत्तरार्धात, दुपारची भरती रात्रीकडे सरकलेली असताना, याच जागा येतील असा हिशेब आहे. जयगडला मोठी जहाजं येतात. त्यांचा मार्ग काटकोनात आणि लवकर ओलांडायचा. आपल्याला शीड आहे म्हणून ती वळतील ही आशा सोडायची. अरुंद मार्गात त्यांना वळताच येत नाही, आणि नियमही तिथे शिडाच्या बोटीने त्यांची वाट अडवू नये असाच आहे.

नांगराचा हिशेब आम्ही कागदावर लिहून करतो, तोंडी नाही. समजा ओहोटीला तीन मीटर पाणी, वर चढणारी भरती अडीच मीटर, पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची एक मीटर. बेरीज साडेसहा. त्याच्या पाचपट, म्हणजे ३२ मीटर साखळी-दोर सोडायचा. वारा वाढणार असेल तर सातपट, ४५ मीटर. नांगर १० किलोचा, त्यामागे ८ मिलिमीटरची २५ मीटर साखळी आणि १२ मिलिमीटरचा ३० मीटर नायलॉन दोर. खाडीतला चिखल नांगर उत्तम धरतो, उचलताना मात्र पाऊण तास ब्रशने घासावं लागतं. नांगर पडल्यावर इंजिन मागच्या गिअरमध्ये हळूहळू वाढवत नेऊन तो ओढून बघायचा. किनाऱ्यावरची दोन झाडं किंवा खांब एका रेषेत धरायचे, रेषा तुटली तर नांगर घसरतोय.

मात्र या किनाऱ्यावर नांगराची खरी परीक्षा रोज दुपारी होते. सकाळी बोट पूर्वेकडे तोंड करून मतलईवर उभी असते. दुपारी खारा वारा आला की ती पूर्ण फिरून पश्चिमेकडे तोंड करते, आणि नांगर चिखलात उलट्या दिशेने ओढला जातो. बहुतेक वेळा तो पुन्हा रुततो. एखादे वेळी रुतत नाही. त्यामुळे नव्या जागी पहिल्या दिवशी अकरा ते दोन या वेळात दोघांपैकी एकजण बोटीवर हवाच.

आणि इथेच नातेवाईक येतात.

कोकणात जेवायची वेळ एक. आंजर्ल्याला मावशी, रत्नागिरीला काका-काकू, मालवणला आजोळ, सगळीकडे एकच. पान वाढलेलं असतं आणि एक माणूस तिकडे बोटीवर धुराकडे बघत बसलेला. हे नात्यात कसं बसवायचं याची पद्धत आम्हाला दोन फेऱ्यांनंतर सापडली. पहिल्या दिवशी जेवायला जायचंच नाही, तिन्हीसांजेला चहाला जायचं आणि रात्री जेवायचं. दुसऱ्या दिवसापासून नांगराची खात्री पटलेली असते, मग दुपारी जेवायला दोघं. फोनवर दिवस सांगायचा, वेळ कधीच सांगायची नाही. वेळ सांगितली की मावशी धक्क्यावर येऊन उभ्या राहतात, आपण तिकडे वारा पडल्यामुळे सहा मैलांवर, आणि त्या उन्हात थांबल्यात या विचाराने माणूस चुकीच्या पाण्यात खाडीत घुसतो. जे अपघात आम्ही जवळून पाहिले त्यांत हवामानापेक्षा घाईचा वाटा मोठा होता.

हर्णैहून आंजर्ल्याला रिक्षाने जायचं. बोट तिथे उघड्या पाण्यात उभी असते, सुवर्णदुर्ग आणि बंदराच्या मधल्या भागात मासेमारी बोटींची दाटी. त्या बोटींपासून बाजूला, वाटेत येणार नाही अशा जागी नांगर टाकून शेजारच्या एखाद्या तांडेलाला सांगून ठेवायचं: आम्ही अमुक घरी आहोत, बोट सरकली तर फोन करा. फोन नंबर कागदावर लिहून द्यायचा, आणि निघताना त्यांच्या खलाशांच्या चहापाण्याचं बघायचं. नांगराचा दिवा दुपारी निघतानाच लावून ठेवायचा. संध्याकाळी परत येऊ म्हणून तो राहिला आणि रात्र झाली, तर पहाटे बंदरात शिरणाऱ्या बोटीला आपण दिसणार नाही.

पाहुणचारातून मिळालेला माल हा स्वतंत्र विषय. नारळ, तांदूळ, कोकमं, आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्या, सुकट, पोह्याचे पापड. वीस नारळ म्हणजे दहा-बारा किलो सहज. हा माल मागच्या कप्प्यात कोंबला तर बोट मागे बसते आणि सुकाणू जड होतं. तो तळाशी, मध्यभागी, डोलकाठीच्या आसपास ठेवायचा. आगळाची बाटली पिशवीत घालून मगच. ती फुटली तर डाग कायमचा. सुकट हवाबंद डब्यात, नाहीतर आठ दिवस तुमच्या पांघरुणालाही तोच वास.

मुलांना, भाच्यांना बोटीत फिरायचं असतंच. फिरवायचं सकाळी सात ते नऊ, मतलईत, सपाट पाण्यावर. दुपारी नाही, कितीही आग्रह झाला तरी. लाइफ जॅकेट जितकी तितकीच माणसं. आमच्याकडे सहा आहेत, त्यांतली दोन लहान मुलांच्या मापाची. डिंगीतून, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या लहान होडीतून, बोटीवर चढताना एकावेळी एक, आणि साडी असेल तर आधी पंजाबी ड्रेस घालून यायला सांगावं. काकूंना हे सांगायचं काम सुनेने नव्हे, पुतण्याने करावं.

आंजर्ल्याला मुक्काम ठेवायचं दुसरं कारण कासवं. ऑलिव्ह रिडले नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथल्या पुळणीवर अंडी घालतात, आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर घरटी राखायचं काम सुरू केलं आणि मग ते आंजर्ल्यासह इतर गावांत पोचलं. अंडी कुंपणात हलवतात, पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पिल्लं निघतीलच असं नाही, आधी गावात फोन करून विचारावं. बघताना दोरीच्या मागे, खाली बसून, फ्लॅश बंद. बोटीवाल्यांसाठी याचा आणखी एक अर्थ आहे: या महिन्यांत किनाऱ्यालगत मोठी कासवं श्वास घ्यायला वर येतात, सपाट पाण्यात दगडासारखी दिसतात. इंजिनावर जाताना नाळेवर एकजण हवा.

डॉल्फिन जवळजवळ रोज दिसतात, पाठीवर कुबड असलेले किनाऱ्याचे डॉल्फिन. खाडीच्या तोंडाशी सकाळी ते मासे हाकत असतात. त्यांच्या मागे बोट नेऊ नये. इंजिन न्यूट्रलला टाकून थांबलं तर बऱ्याचदा तेच जवळ येतात. पाठलाग केला की बुडी मारून पार दुसरीकडे निघतात. किल्ल्यांच्या तटावर आणि सुरूच्या उंच शेंड्यांवर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बघायचा. आणि राजपुरीला पंचमीची कोर दहा-अकराच्या सुमारास मावळली की दिवे मालवून डिंगीचं वल्हं पाण्यात फिरवायचं. थंडीत बऱ्याच रात्री पाणी निळसर पेटतं. सूक्ष्मजीवांचा तो उजेड चांदण्यात दिसत नाही, त्यामुळे मालवणला पौर्णिमेच्या आसपास त्याची वाट बघू नये.

मालवणात शिरताना सगळं सावध. सिंधुदुर्ग १६६४ साली बांधायला घेतला तो या खडपांच्या भरवशावरच. शत्रूच्या गलबतांना जे अडवायचं तेच आपल्यालाही अडवतं. देवगडहून पहाटे निघून अकराच्या सुमारास, भरती आणि डोक्यावरचा सूर्य दोन्ही असताना पोचायचं. जीपीएसच्या नकाशावरची वाट स्वच्छ दिसते म्हणून एकटं घुसू नये. आम्ही आदल्या दिवशी फोन करून ओळखीच्या तांडेलाला बाहेर बोलावतो आणि त्यांच्या होडीमागून, त्यांच्याच वेगाने आत जातो. हा सगळा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात येतो, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पाण्याखाली प्रवाळ आहे. नांगर वाळूतच टाकायचा. प्रवाळावर ओढला गेलेला नांगर एका रात्रीत जे मोडतो ते वाढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि साखळी खडकात अडकली तर नांगर तिथेच सोडून यावा लागतो.

बिघाडांमध्ये पहिला नंबर जाळ्याचा. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात डोलाची जाळी प्रवाहात खुंटांना बांधून लावलेली असतात, पुढे दक्षिणेला तरंगती लांब जाळी. बोया म्हणून कधी थर्माकोल, कधी प्लास्टिकचा कॅन, कधी बांबूला बांधलेलं फडकं. दोन बोयांच्या मधून जाऊ नये, रेषेच्या टोकाला वळसा घालावा. जाळं पंख्यात गेलंच तर लगेच न्यूट्रल, मग इंजिन बंद. उलटा गिअर टाकून सोडवायचा मोह होतो. त्याने ते आणखी घट्ट गुंडाळतं. शिडं उतरवायची, एकाने कमरेला दोर बांधून मास्क लावून पाण्यात उतरायचं, दुसऱ्याने इंजिनाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. हाताने उलगडून बघायचं, नाही जमलं तरच दातेरी सुरीने, कमीत कमी जागी कापायचं. जाळं कुणाच्या तरी महिन्यांच्या कमाईचं असतं. बोट दिसत असेल तर तिच्याजवळ जाऊन सांगायचं आणि नुकसानीचं बोलायचं. पळून गेलेल्या शिडाच्या बोटीची बातमी पुढच्या बंदरात आपल्याआधी पोचते.

दुसरा बिघाड दवाचा, ऐकायला क्षुल्लक. माघात डेकवर पहाटे पाणी ठिबकतं इतकं दव पडतं. अंथरूण ओलं, प्लगच्या टोकांवर मीठ आणि दव मिळून हिरवा गंज. बूमवरून ताडपत्री टाकली की दोन्ही वाचतात. विजेच्या जोडांना पेट्रोलियम जेली चोपडायची. सकाळी शिडं लगेच गुंडाळून ठेवायची नाहीत, वाळू द्यायची.

कागदपत्रांचं थोडक्यात: बोटीची नोंदणी, विमा, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, दोघांची आधार कार्डं, व्हीएचएफचा परवाना, सगळ्यांच्या दोन छायाप्रती प्लास्टिकच्या पाकिटात. निघण्याआधी बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे टप्पे लिहून द्यायचे. १९९३ आणि २००८ नंतर हा किनारा अनोळखी बोटीकडे संशयाने बघतो, आणि ते रास्त आहे. गस्तीची बोट आली की वेग कमी करून दोन्ही हात दिसतील असं उभं राहायचं. व्हीएचएफ कायम चॅनेल १६ वर. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही केबिनच्या दाराशी मोठ्या अक्षरांत चिकटवलेले.

उत्तर भारतात थंडीची लाट आल्याची बातमी दिसली तर आहे तिथे दोन दिवस थांबतो. अशा वेळी मतलई पंधरा-वीस नॉटवर जातो, दुपारी वाऱ्याला उत्तरेचा जोर येतो आणि दिवसाचा नेहमीचा आराखडा मोडतो. मावशींना याचा मनापासून आनंद होतो.

परतीचा प्रवास हा वेगळाच प्रवास आहे. खारा वारा आता नाकासमोर. दुपारी वळणं घेत वायव्येला चढायचं म्हटलं तर आमच्या बोटीला तासाला जेमतेम दोन मैल पदरात पडतात, आणि आखूड लाटांवर आपटून बोटीतलं सगळं सुटं होतं. म्हणून पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, मतलई उजव्या अंगाला घ्यायचा आणि दहा-साडेदहाला पुढचं बंदर गाठायचं. सात तास, पंचवीस ते तीस मैल. दुपारी झोप. लांबचे दोन टप्पे, जयगड ते हर्णै आणि हर्णै ते राजपुरी, वारा पडल्यावर शेवटचे तास-दीड तास इंजिनावर काढावे लागतात. परतीचं बरंचसं डिझेल तिथे जातं.

अंधारात जाळ्यांची भीती आहेच. चंद्र असला की त्याच्या उजेडात बोये पाण्यावर काळे दिसतात. टॉर्च सारखी पेटती ठेवू नये, डोळे दिपून उलट कमी दिसतं. बंदरातून बाहेर पडायची वाट आदल्या दिवशी उजेडात जीपीएसवर उमटवून ठेवायची आणि त्याच रेघेवरून बाहेर जायचं. किनाऱ्यापासून चार मैल बाहेर राहिलं तर लहान होड्यांची जाळी कमी लागतात, पण मतलई थोडा विरळ होतो. आम्ही चंद्र असेल त्या पहाटे आत राहतो, ढग असतील तर बाहेर.

शेवटच्या दिवशी रेवदंड्याहून मुंबई. दशमी-एकादशीला भरती आठच्या सुमारास, म्हणजे पहाटे दोन ते आठ पाणी बंदरात चढतं. साडेतीनला निघालं तर खांदेरीच्या पुढे हा प्रवाह आत ओढून नेतो. वारा पडायच्या आत, साडेनऊच्या सुमारास बोट बांधून होते. नारळ डिंगीतून आधी उतरवायचे.